वादळ, गच्ची आणि क्लेम

सेक्रेटरी: रात्रीच्या वादळात बी विंगच्या गच्चीवरच्या शेडचे चार पत्रे उडाले. दोन पार्किंगमध्ये पडलेत. कोणाला लागलं नाही. वॉचमनला आवरायला सांगितलंय.

ए-१०२: अहो थांबा! काही आवरू नका. माझी सगळी नोकरी विम्याच्या क्लेमसाठी नुकसान तपासणारा सर्व्हेयर म्हणून गेली. पडलेला पत्रा म्हणजे पुरावा. भंगारात गेला तर दाखवणार काय?

बी-७०३: काका, आमच्या हॉलच्या छतातून धार लागलीय. पुरावा जपू की बादल्या लावू?

ए-१०२: बादल्या लावाच ताई. गच्चीवर ताडपत्रीही टाकायची. नुकसान आणखी वाढू न देणं ही आपलीच जबाबदारी असते, नाहीतर नंतर भिजलेल्याचे पैसे नाकारतात. फक्त आधी फोटो, मग ताडपत्री, आणि तिचं बिल ठेवा. पक्की दुरुस्ती सर्व्हेयर बघून गेल्यावर.

सी-४०१: 🌹 शुभ सकाळ 🌹

सेक्रेटरी: आज नको हो.

बी-६०१: मी वर जाऊन आलो. उरलेली शेड मधून तरी ठीक दिसतेय.

ए-१०२: मधून नाही, कडा आणि कोपरे बघा. वारा छपराला वर ओढतो आणि ती ओढ कोपऱ्यात सगळ्यात जास्त. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. स्क्रूपाशी भोकं लांबट झालीत का? फाटलेली कड चकचकीत असेल तर कालची, गंजलेली असेल तर जुनी. सर्व्हेयर पहिलं तेच बघतो. आणि ओल्या पत्र्यावर चढू नका, गच्चीत उभं राहून झूम करा.

चेअरमन: मग याच क्लेममध्ये पूर्ण गच्चीचं वॉटरप्रूफिंग बसवू. तीन वर्षं रखडलंय. सकाळीच एक कॉन्ट्रॅक्टर येऊन गेला. डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधला आपण सोसायचा वाटा, आम्ही सांभाळू म्हणतो, फक्त सही करा.

ए-१०२: साहेब, रागावू नका. वादळाने मोडलेलं भरून मिळतं, आपण दुर्लक्ष केलेलं नाही. ‘गच्ची गळते’ हे आपल्याच सभेच्या इतिवृत्तात आहे. आणि डिडक्टिबल सांभाळतो म्हणजे तेवढं बिल फुगवतो. ते उघडकीला आलं की खरा क्लेमही बुडाला.

बी-७०३: म्हणजे जुनी गळती म्हणून माझ्या हॉलवरही हात वर?

ए-१०२: नाही. तुमच्या डोक्यावरची शेड उडाली, स्लॅब उघडा पडला, म्हणून पाणी आलं. घरातले जुने फोटो शोधा, ज्यात छत कोरडं दिसतं. तारखेसकट. पाणी शिरतं एकीकडे आणि टपकतं भलतीकडे, त्यामुळे वरचा आणि खालचा, दोन्ही फोटो लागतील. सोफा मात्र सोसायटीच्या पॉलिसीत येत नाही, तिचा विमा इमारतीचा. तुमची स्वतःची पॉलिसी आहे का?

बी-७०३: यांना विचारते. 🙏

ए-३०३: इमारतीचा विमा कितीचा आहे?

खजिनदार: सुरुवातीला काढला तेवढाच. दरवर्षी रिन्यू करतो.

ए-१०२: अरे देवा. हे आधी सांगायचं! समजा पुन्हा बांधायला १०० लागणार आणि विमा ६० चा आहे. मग १० चं नुकसान झालं तरी साधारण ६ च मिळतात, कारण उरलेला धोका आपण आपल्या अंगावर घेतला असं धरतात. त्यातूनही डिडक्टिबल आणि पॉलिसीप्रमाणे घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, जाईल. यालाच सरासरीचं कलम म्हणतात; आपल्या पॉलिसीत ते आहे का, वाचा.

खजिनदार: पण जागेचे भाव धरले तर रक्कम केवढी होईल!

ए-१०२: जमीन वादळात उडत नाही हो. फक्त बांधकामाचा खर्च धरायचा.

खजिनदार: कलम आहे. पान ७. 😐

सेक्रेटरी: कंपनीला कळवलं, क्लेम नंबर आला. सर्व्हेयर उद्या येतील. वेधशाळेची कालच्या वाऱ्याची नोंद मिळते का बघतो.

चेअरमन: कॉन्ट्रॅक्टरला नाही सांगतो. वॉटरप्रूफिंग सभेत घ्या, आपल्या खर्चाने.

ए-१०२: पार्किंगमधले पत्रे कुठायत?

सेक्रेटरी: वॉचमन म्हणतो, एक जिन्याखाली आहे. दुसरा भंगारवाल्याच्या गाडीवर चढलाय. पळतोच खाली.