का-बारची बाजू

अरुंद टँगचा (टँग म्हणजे पात्याचा मुठीत जाणारा भाग) मोठा सुरा घेऊच नये, मुठीतून पूर्ण रुंदीचं पोलाद गेलंच पाहिजे, असं या चर्चेत दोघांनी लिहिलंय. मला हे सरसकट पटत नाही.

माझा आवडता सुरा का-बार, अमेरिकन मरीन कोअर या सैन्यदलाचा. त्याची टँग अरुंदच आहे. १९४२ मध्ये मरीन कोअरने तो स्वीकारला आणि पॅसिफिकच्या युद्धात सैनिकांनी त्याने खोकी उघडली, तारा तोडल्या, खड्डेसुद्धा खणले. आपल्या कोयत्याचंही पोलाद मुठीत निमुळतं होऊन ठोकलेलंच असतं की! रुंदीइतकंच महत्त्व पोलाद कसं तापवून निववलंय याला आहे.

७ इंची पातं, वजन सुमारे ३०० ग्रॅम. चामड्याच्या चकत्या एकावर एक दाबून केलेली मूठ घामेजल्या हातातही सरकत नाही, आणि दिवसभर कमरेला असला तरी ओझं वाटत नाही. ही मूठ मला फार प्रिय आहे. पण ओलं चामडं तसंच म्यानात ठेवलंत तर बुरशी धरते. पातंही १०९५ जातीच्या कार्बन पोलादाचं, म्हणजे पुसून तेलाचा हात फिरवायलाच हवा.

पात्याच्या पाठीवर दांडका मारून ओंडके फाडायचे असतील तर मात्र तुमचं म्हणणं मान्य. तिथे का-बार कंपनीचाच बेकर बीके-९ हा सुरा घ्या: ९ इंची पातं, पूर्ण टँग. फक्त भारतात ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याला शस्त्र नियम लागू होऊ शकतात, तेव्हा मागवण्याआधी मापं नीट बघा.