मदत हवी आहे: एक्सेलच्या एकाच रकान्यात किलो आणि लिटर कसे दाखवायचे?

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमची काजूची बाग आहे. हंगामाचा हिशेब यंदा वहीतून एक्सेलमध्ये आणलाय. बिया किलोत, नीरो (काजूच्या बोंडांचा रस) लिटरमध्ये.

आधी सरळ '४५ किलो' असंच टाइप करत गेलो. खाली बेरीज घेतली तर शून्य! मग लक्षात आलं, आकडे सेलच्या डाव्या कडेला चिकटलेत, म्हणजे एक्सेल त्यांना अक्षरं समजतोय. आता फॉरमॅट सेल्समध्ये कस्टम निवडून 0.00" किलो" असं घातलं. सेलमध्ये आकडाच राहतो, एकक नुसतं दिसतं, बेरीजही येते. बागेच्या क्षेत्रफळासाठी 'मी²' मधला वरचा दोनसुद्धा ऑल्ट धरून 0178 दाबल्यावर आला (लॅपटॉपला नंबरपॅड नाही, भावाचा कीबोर्ड आणावा लागला).

अडलंय ते इथे: शेजारच्या रकान्यात 'नीरो' लिहिलं की आकड्यापुढे आपोआप 'लि.' यावं, 'बिया' लिहिलं की 'किलो'. कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये नंबरचा टॅब दिसतो, पण नियमाचं सूत्र लिहिलं की सगळ्याच ओळींना 'लि.' लागतं. डॉलरचं चिन्ह कुठे द्यायचं? टेक्स्ट फंक्शन सुचवू नका, त्याने पुन्हा अक्षरंच होतात. कोणी सूत्र लिहून दाखवील का?