‘खिलाडूवृत्ती’ की ‘खेळभावना’?

जाड_भिंग: स्थानिक पंचांच्या परीक्षेसाठी क्रिकेटच्या नियमांचं मराठी टिपण करतोय. 2000 साली नियमांच्या आधी ‘स्पिरिट ऑफ क्रिकेट’ची प्रस्तावना जोडली गेली, तिथे अडलोय. मी ‘खिलाडूवृत्ती’ लिहिलं, तपासनिसांनी खोडून ‘खेळभावना’ केलं. कोणतं ठेवू?

उपान्त्य: खेळभावना म्हणजे हिंदीतल्या ‘खेल भावना’च्या ल चा ळ. झालं मराठीकरण! रुळलेला शब्द हाताशी असताना ही उसनवारी कशाला?

गुणलेखक: रुळलेला आहे, पण इथे बसत नाही. खिलाडूवृत्ती माणसात असते. 1980 च्या वानखेडे कसोटीत पंचांनी बाद दिलेल्या इंग्लंडच्या बॉब टेलरला भारताचा कर्णधार विश्वनाथने परत बोलावलं, ती खिलाडूवृत्ती. (मग टेलर-बोथमची 171 ची भागी झाली आणि सामना गेला.) बोलावलं नसतं तरी कोणी त्याला रडी म्हटलं नसतं. प्रस्तावनेत आहे ती खेळाची रीत, आणि ती सांभाळायची मुख्य जबाबदारी कर्णधाराची. मी ‘क्रिकेटची रीत’ लिहीन.

उपान्त्य: रीत लग्नात असते हो.

तिसरा_पंच: त्यापेक्षा नियम 38.3 मध्ये, म्हणजे चेंडू टाकण्याआधीच रेषा सोडणाऱ्या नॉन-स्ट्रायकरला (गोलंदाजाच्या टोकाच्या फलंदाजाला) बाद करतात तिथे, काय लिहिलंय ते बघा. ‘मांकडिंग’ हे त्याचं रूढ नाव नको. 1947 च्या दौऱ्यात विनू मांकड यांनी ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राउनला आधीच्या सामन्यात ताकीद दिली होती, तरी सिडनी कसोटीत तो पुन्हा पुढे सरकला आणि बाद झाला. ब्रॅडमनने आत्मचरित्रात मांकड यांचीच बाजू घेतली. आगाऊपणा ब्राउनचा, नाव मात्र मांकडांचं!

जाड_भिंग: ‘नॉन-स्ट्रायकर धावचीत’ लिहिलंय.

गुणलेखक: धावबाद लिहा. तो धावत कुठे असतो? नुसता सरकलेला असतो.

तिसरा_पंच: नावापेक्षा क्षण नीट लिहा, घोळ तिथेच होतो. चेंडू खेळात आल्यापासून गोलंदाज तो सोडणं अपेक्षित असतं त्या क्षणापर्यंतच संधी. हात सर्वांत उंच गेला की संपली. जानेवारी 2023 मध्ये मेलबर्नला गोलंदाज झॅम्पाने हात पुढे गेल्यावर बेल्स उडवल्या, फलंदाज नाबाद. बॅट रेषेवर टेकलेली असेल तर ती बाहेरच, रेषेच्या मागे टेकायला हवी. चेंडू टाकलाच नसेल तर तो षटकात मोजायचा नाही. बळी गोलंदाजाच्या खात्यात जात नाही. आणि अपील झाल्याशिवाय बोट वर करू नका.

कडेचा_क्षेत्ररक्षक: पण हे रडीच ना?

तिसरा_पंच: 1 ऑक्टोबर 2022 पासून हे कलम ‘अनुचित खेळ’मधून काढून ‘धावबाद’मध्ये नेलंय. दीप्ती शर्माने लॉर्ड्सवर चार्ली डीनला बाद केलं ते त्याच्या आठवडाभर आधी, तेव्हाही नियमात बसत होतंच. रेषा सोडून पुढे जातो तो रडी.

कडेचा_क्षेत्ररक्षक: रडी म्हणजे हरल्यावर रडणारा. रेषा सोडतो तो लबाड. दोन्ही एक नव्हे.

उपान्त्य: मुलं ‘रडीचा डाव खडी’ ओरडतात ती लबाडी पकडल्यावरच. बाकी, धावचीतमधलं ‘चीत’ कुस्तीतलं, पाठ टेकवणारं. पायचीत, त्रिफळाचीत सगळे त्याच आखाड्यातले, तेव्हा ‘तो धावत कुठे असतो’ हा मुद्दा गैरलागू. चीत झाला की झाला.

गुणलेखक: मग गुणपत्रिकांत ‘यष्टिचित’ ऱ्हस्व का छापतात?

उपान्त्य: चूक आहे. ‘यष्टि’ समासात ऱ्हस्व, ‘चीत’ दीर्घच. मराठी शब्दातला उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षराचा, इकार दीर्घ.

गुणलेखक: चीत मराठी असेल तर. संस्कृत ‘चित’ धरलं तर ऱ्हस्वच.

जाड_भिंग: प्रस्तावनेचं शीर्षक उद्या छापायला द्यायचंय.

उपान्त्य: संस्कृत ‘चित’ म्हणजे रचलेलं. यष्टी रचल्या की उडवल्या?