लंडनची जुनी भुयारी स्टेशनं : एका दिवसात कोणती आणि कशी बघावीत?

म्हापसेकर

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात स्विंडनला बहिणीकडे जाणं आहे. एक आख्खा दिवस लंडनसाठी मोकळा ठेवलाय. राजवाडा आणि नदीवरचा पूल बाजूला राहू देत, मला भुयारी रेल्वेची जुनी स्टेशनं बघायची आहेत. कुठे थांबायचं, तिथे नेमकं काय बघायचं आणि कोणत्या क्रमाने गेलं तर उगाच मागे-पुढे फिरणं होणार नाही, हे जाणकारांनी सांगावं. बंद पडलेल्या स्टेशनांपैकी बाहेरून तरी काय दिसतं? सोबत आई आहे, गुडघे दुखतात, त्यामुळे जिन्यांचंही सांगा. फोटो काढायला बंदी आहे का?

कुळे_घाट

म्हापसेकरबाब, स्विंडनहून येताय म्हणजे गाडी पॅडिंग्टनला उतरवणार. याहून योग्य सुरुवात नाही. जगातली पहिली भुयारी रेल्वे १० जानेवारी १८६३ ला इथूनच फॅरिंग्डनपर्यंत धावली. रेल्वे मेट्रोपॉलिटन कंपनीची होती, पण सुरुवातीच्या गाड्या आणि इंजिनं ग्रेट वेस्टर्नची, म्हणजे ज्यांचा मोठा कारखाना स्विंडनला होता त्यांची. काही महिन्यांतच दोघांचं बिनसलं आणि ग्रेट वेस्टर्नने गाड्या काढून घेतल्या.

पॅडिंग्टनला एक गोष्ट सांभाळा. भुयारी रेल्वेची तिथे दोन वेगळी ठिकाणं आहेत. बेकर स्ट्रीटला जायचं तर मोठ्या स्टेशनाच्या उत्तर टोकाचे हॅमरस्मिथ अँड सिटी आणि सर्कल लाइनचे फलाट पकडा. बेकरलू लाइननेही बेकर स्ट्रीट येतं, पण त्या वाटेने गेलात तर १८६३ चा बोगदा चुकतो.

बेकर स्ट्रीटचे फलाट ५ आणि ६ हे मूळचे. विटांची रुंद कमान, आणि दोन्ही बाजूंना तिरके वर जाणारे कोनाडे. घाईतला प्रवासी त्यांना नक्षी समजतो. हे कोनाडे वर रस्त्यापर्यंत जाणारे उजेडाचे आणि हवेचे झरोके होते. आता वरून बंद आहेत आणि आत विजेचे दिवे लावलेत. फलाटाच्या मध्यावरच्या बाकावर बसून एक-दोन गाड्या जाऊ द्या, मग कमानीची रुंदी डोळ्यांत भरते.

ती कमान एवढी रुंद आणि उथळ का? ही रेल्वे रस्ता उकरून, खड्ड्यात भिंती बांधून, वर कमान टाकून, पुन्हा रस्ता घालून केलेली आहे. आणि आत कोळशाची इंजिनं चालायची. वाफ बाहेर न सोडता बाजूच्या पाण्याच्या टाक्यांत वळवायची सोय इंजिनात होती, पण टाकीतलं पाणी तापलं की वाफ थंड होईना, आणि धुराचा तर त्यात काही इलाजच नव्हता. म्हणून झरोके, म्हणून ठिकठिकाणी उघडे खड्डे. विजेच्या गाड्या १९०५ मध्ये आल्या. त्या काळचं एक इंजिन, १८६० च्या दशकातलं २३ नंबरचं, कॉव्हेंट गार्डनच्या लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियममध्ये आहे. आधी फलाट बघा, मग इंजिन. इंजिन समोर आलं की त्या झरोक्यांची गरज आपोआप पटते.

फोंडा_फास्ट

कुळे_घाट यांनी उथळ रेल्वेचं छान सांगितलं. मी खोल ‘ट्यूब’बद्दल, म्हणजे जमिनीखाली खोल गोल बोगद्यांतून धावणाऱ्या लाइनींबद्दल लिहितो, कारण माझा जीव त्या तांबड्या स्टेशनांत आहे.

१९०६-०७ मध्ये तीन ट्यूब लाइनी एकापाठोपाठ उघडल्या. बेकरलू मार्च १९०६, पिकॅडिली डिसेंबर १९०६, हॅम्पस्टेड जून १९०७. तिन्ही एकाच मालकीच्या, आणि पन्नासच्या आसपास स्टेशनांचं काम एका तरुण वास्तुकाराकडे, लेस्ली ग्रीनकडे दिलेलं. बाहेरून बैलाच्या रक्तासारख्या तांबड्या, चकचकीत झिलईच्या ठोकळ्यांची दर्शनी भिंत, वरच्या मजल्यावर अर्धगोल मोठ्या खिडक्या, आणि सपाट छप्पर. छप्पर सपाट ठेवलं ते आत पोलादी सांगाडा घालून, म्हणजे पुढे त्यावर कार्यालयांचे मजले चढवून भाडं कमावता यावं. ऑक्सफर्ड सर्कसला तसे मजले चढलेले दिसतात. झिलईचे ठोकळे निवडायलाही कारण होतं. पटकन बसवता येतात, आणि लंडनच्या काजळीत धुतले की पुन्हा लख्ख.

खाली फलाटावर प्रत्येक स्टेशनाचा रंग आणि नक्षी वेगळी. रोजच्या प्रवाशाला डब्याच्या खिडकीतून नुसता रंग बघून आपलं स्टेशन ओळखता यावं, हा हेतू. नावं, ‘बाहेर जाण्याचा मार्ग’ वगैरे सूचना टाइलमध्येच भाजलेल्या. म्हणून नाव बदललं तरी जुनं नाव भिंतीवर राहिलं. आर्सेनल स्टेशनाच्या फलाटावर ‘गिलेस्पी रोड’ वाचता येतं, नाव बदललं १९३२ मध्ये. मॅरिलबोनला बेकरलूच्या फलाटावर ‘ग्रेट सेंट्रल’. ग्रीन १९०८ मध्ये क्षयाने गेला, वय ३३. एवढ्या थोड्या वर्षांत अख्ख्या शहराला चेहरा देऊन गेलेला दुसरा माणूस मला आठवत नाही.

तुमच्या दिवसात बसेल असा मार्ग देतो. बेकर स्ट्रीटवरून सर्कल लाइननेच किंग्ज क्रॉस, तिथे पिकॅडिली लाइन, पुढचंच रसेल स्क्वेअर. इथे वर येऊन दर्शनी भिंत बघा, फलाटावरच्या टाइलही बघा. परत खाली, होलबर्न ओलांडून कॉव्हेंट गार्डन. म्युझियम तिथेच. तिथून चालत स्ट्रँडवर जा, ऑल्डविचचं बंद स्टेशन दिसेल, त्यावर अजून ‘स्ट्रँड स्टेशन’ लिहिलेलं आहे. परत येताना लेस्टर स्क्वेअरपर्यंत चालाच. कॉव्हेंट गार्डन ते लेस्टर स्क्वेअर हे साधारण २६० मीटर, म्हणजे शेजारच्या दोन स्टेशनांमधलं सगळ्यात कमी अंतर. गाडीची वाट बघण्यात जास्त वेळ जातो.

लेस्टर स्क्वेअरवरून एक स्टेशन पुढे पिकॅडिली सर्कस. रस्त्याच्या चौकाखाली गोल तिकीटघर, १९२८ चं, चार्ल्स होल्डनचं काम. ग्रीननंतर वीस वर्षांत विचार किती बदलला ते एकाच लाइनवर दिसतं. ग्रीनच्या काळात लिफ्ट होत्या, म्हणून वर छोटं तिकीटघर पुरे. सरकते जिने आल्यावर गर्दी सतत वाहती राहते, तिला फिरायला मोकळी जागा लागते. म्हणून हे गोल दालन.

पुढे साउथ केन्सिंग्टन, आणि तिथून एक स्टेशन पश्चिमेला ग्लॉस्टर रोड. दोन पिढ्या शेजारी-शेजारी बघायच्या तर हीच जागा. १८६८ चं फिक्या विटांचं स्टेशन, आणि त्याला चिकटून ग्रीनचं तांबडं. दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळी दारं.

रायबंदर

वरच्या मार्गात एक भर. साउथ केन्सिंग्टनला आलात की ग्लॉस्टर रोडच्या आधी उलट दिशेला एकच स्टेशन, स्लोन स्क्वेअर, बघून या. फलाटावर उभं राहून वर बघा, रुळांवरून एक जाड लोखंडी नळ गेलेला दिसेल. त्यातून वेस्टबोर्न नदी वाहते. १८६८ मध्ये रेल्वे आली तेव्हा नदी मधोमध आली, तिला हलवणं शक्य नव्हतं, म्हणून नळात घालून फलाटावरून नेली.

मग ग्लॉस्टर रोडवरून सर्कल लाइनने बेझवॉटर. डिस्ट्रिक्ट लाइनची एजवेअर रोडची गाडी ग्लॉस्टर रोडला येत नाही, म्हणून पाटीवर ‘सर्कल’ बघूनच चढा. बेझवॉटरहून पॅडिंग्टन चालत पंधरा-वीस मिनिटं, आणि वाटेत लेनस्टर गार्डन्स. २३ आणि २४ नंबरची घरं खोटी आहेत. खिडक्या रंगवलेल्या, मागे घरच नाही, फक्त भिंत. मागच्या उघड्या खड्ड्यात इंजिनं धूर सोडायची, आणि श्रीमंत वस्तीतल्या ओळीत भगदाड दिसू नये म्हणून ही भिंत उभारली. भगदाड बघायचं तर मागच्या पोर्चेस्टर टेरेसवर जा.

म्हापसेकर

आभारी आहे. हा मार्ग एकदम जमला. दोन शंका आहेत. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेतल्या निळ्या अझुलेजो (पोर्तुगीज चित्रांच्या टाइल) आणि या लंडनच्या टाइल यांत फरक काय? आणि मूळची टाइल कुठली, नंतर बसवलेली कुठली, हे ओळखायचं कसं? तिकीट आणि जिन्यांचंही कोणीतरी सांगा.

सांगे_लाइन

अझुलेजोवर चित्र हाताने काढलेलं असतं. पांढऱ्या झिलईवर रंग, मग भट्टी. आपल्या संस्थेतलं काम १९३५ चं, जोर्ज कोलासो यांचं, आणि तिथे टाइल म्हणजे चित्राचा तुकडा. ग्रीनच्या स्टेशनात एकेक टाइल एकाच रंगाची. नक्षी तयार होते ती मांडणीतून, पट्टे आणि चौकटी फलाटभर पुन्हा पुन्हा येतात, आणि रंगीत पट्टे छताच्या कमानीवरून पलीकडे जातात. अक्षरं तेवढी वेगळी भाजलेली.

जुनी टाइल ओळखायला तीन गोष्टी बघा. झिलईत केसांसारख्या बारीक भेगांचं जाळं. भाजलेली माती वर्षानुवर्षं ओल पिऊन किंचित फुगते, वरची काच फुगत नाही, ती तडकते. दुसरं, शेजारच्या दोन टाइलच्या रंगात थोडा फरक आणि कडेला झिलई साचून गडद झालेली. नव्या टाइलचा रंग एकसारखा असतो. तिसरं, जुन्या जाहिरातींच्या चौकटी आणि केबलसाठी पाडलेल्या भोकांच्या खुणा.

टाइल गळून पडण्याचं कारण बहुतेक वेळा मागून येणारं पाणी. गोव्यात खाऱ्या हवेने तेच होतं. क्षार टाइलच्या पोटात स्फटिक होतात आणि झिलई ढकलून देतात. म्हणून नुसती नवी टाइल चिकटवून भागत नाही, आधी गळती थांबवावी लागते.

या गळतीमागे जमिनीचाही भाग आहे. लंडनच्या उत्तर भागाखाली घट्ट निळसर चिकणमाती आहे. ती सहज कापली जाते आणि पाणी आत येऊ देत नाही. ग्रेटहेडच्या ढालीने, म्हणजे खणणाऱ्यांना आडोसा देत पुढे सरकवायच्या लोखंडी नळकांड्याने, बोगदा खणत, मागे ओतीव लोखंडाची कडी जोडत जायचं, ही रीत तिथे सोपी झाली. दक्षिणेला पाणी भरलेली वाळू आणि गोटे असल्याने ट्यूब कमी. आपल्या पेडण्याच्या बोगद्यात जुलै २०२४ मध्ये पाणी फुटून कोकण रेल्वे अडली, ते ज्यांनी बघितलंय त्यांना मातीचा हा फरक वेगळा समजवायला नको.

आणि हो, टाइलचीच आवड असेल तर कधी लिस्बनला गेलात की तिथली मेट्रो बघा. डिसेंबर १९५९ मध्ये सुरू झाली. स्टेशनांचा आराखडा कैल दो अमाराल यांचा, आणि बहुतेक पहिल्या स्टेशनांच्या टाइल त्यांच्या पत्नी मारिया कैल यांनी रेखाटल्या. फलाट लांबवताना बरंच काम गेलं, पण इंतेंदेंते स्टेशनात ते अजून भरभरून दिसतं.

कुळे_घाट

तिकीट आणि जिने मी सांगतो.

संपर्करहित (नुसतं टेकवायचं) बँक कार्ड किंवा ऑयस्टर, म्हणजे पैसे भरून वापरायचं लंडनचं प्रवासाचं कार्ड, दोन्ही चालतात. दिवसाच्या खर्चाला कमाल मर्यादा असते, ती ओलांडली की पुढे पैसे कापत नाहीत. मात्र सकाळी फोन आणि दुपारी तेच कार्ड टेकवलंत तर यंत्र दोघांना वेगळे प्रवासी धरतं आणि मर्यादेचा फायदा जातो. आईचं कार्ड वेगळं हवं. आपल्या भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहे का, आणि त्यावर बँक किती शुल्क घेते, हे निघण्याआधी विचारून घ्या.

स्टेशनं बघणाऱ्यांचे पैसे इथे हमखास जातात. आत शिरून फलाट बघून त्याच स्टेशनातून बाहेर आलात तर भाडं पडतं. आत फार वेळ रेंगाळलात तर प्रवास अपुरा धरून कमाल भाडं लागू शकतं. म्हणून एका स्टेशनात चढा, दुसऱ्यात उतरा, आणि दर तासाभरात एकदा बाहेर पडा. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि दुपारी चार ते सात भाडं जास्त आणि गर्दीही. साडेनऊनंतर सुरुवात करा.

जिने: कॉव्हेंट गार्डनला गोल जिन्याच्या १९३ पायऱ्या, रसेल स्क्वेअरला १७५. दोन्हीकडे लिफ्ट आहेत, लिफ्टच घ्यायची, मोकळा दिसला म्हणून जिन्याकडे वळू नका. पायऱ्या सुरू झाल्या की अध्येमध्ये बाहेर पडता येत नाही. कॉव्हेंट गार्डनला लिफ्टपुढे फार गर्दी असेल तर लेस्टर स्क्वेअरला उतरून चालत या, तिथे सरकते जिने आहेत. बेकर स्ट्रीट आणि स्लोन स्क्वेअरला थोड्या पायऱ्या आहेतच, ते आईला आधी सांगून ठेवा. हॅम्पस्टेड हे सगळ्यात खोल, ३२० पायऱ्या. तुमच्या मार्गात नाही ते बरंच.

फोटोला हरकत नाही, पण फ्लॅश आणि तिपाई नको. फ्लॅशने गाडी चालवणाऱ्याचे डोळे दिपतात, तिपाईने वाट अडते. उजेड कमी असतो, म्हणून कॅमेऱ्याचा आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १६०० ते ३२०० ठेवा. रुळांपलीकडच्या टाइल टिपायच्या तर गाडी सुटल्यावर लगेच, फलाटाच्या टोकाशी. मध्यभागी जाहिरातीच जास्त.

खाली उकडतं हेही सांगून ठेवतो. सुरुवातीला ही माती १४ अंशांच्या आसपास थंड होती, कंपन्या उन्हाळ्यात गारव्याची जाहिरात करायच्या. शंभर वर्षं गाड्यांच्या ब्रेकची उष्णता शोषून तीच माती तापली आहे. ट्यूबचा बोगदा जेमतेम साडेतीन मीटर व्यासाचा, त्यात डब्यावर वातानुकूलन बसवायला जागा मिळणं अवघड. स्वेटर पिशवीत ठेवायची सोय करा.

फोंडा_फास्ट

बंद स्टेशनांचं राहिलं. ऑल्डविच १९०७ ते १९९४. बंद होण्याचं कारण जुन्या लिफ्ट. बदलायला खर्च खूप आणि प्रवासी थोडे. युद्धात इथे लोक आसऱ्याला असायचे, आणि ब्रिटिश म्युझियमच्या मौल्यवान वस्तू बोगद्यात ठेवल्या होत्या. डाउन स्ट्रीट १९३२ मध्ये बंद. युद्धकाळात रेल्वेची कार्यकारी समिती खाली बसायची, चर्चिलही तिथे राहून गेला. ग्रीन पार्कवर उतरून मेफेअरच्या गल्लीत चालत जा, तांबडी भिंत लगेच ओळखू येईल, तळाशी दुकान आहे. पिकॅडिली सर्कसनंतर हे बघून हाइड पार्क कॉर्नरला पुन्हा गाडी पकडा.

आत जायचं तर म्युझियमच्या ‘हिडन लंडन’ फेऱ्या आहेत, पण ठराविक दिवशीच. तिकिटं आधी काढावी लागतात आणि लवकर संपतात. पुढच्या महिन्याचं म्हणताय तर आजच संकेतस्थळ बघा. बहुतेक फेऱ्यांत खूप पायऱ्या असतात आणि लिफ्ट नसते, त्यामुळे फेरी मिळालीच तर त्या वेळेत आईला म्युझियममध्ये बसवा. ऑल्डविचपासून म्युझियम चालत दहा मिनिटांवर आहे.