मदत हवी आहे: जुन्या ब्रिटिश चित्रपटांच्या डिस्क भारतात न्यायच्या आहेत

नमस्कार मंडळी,

लेस्टरमधला मुक्काम आता आटोपत आलाय. मार्चमध्ये गाशा गुंडाळून कायमचं चिपळूणला. भांडीकुंडी, पुस्तकं यांचं ठरलंय, घोडं अडलंय ते डिस्कपाशी. इथल्या चॅरिटी शॉपांतून आणि सेकंडहँड दुकानांतून जुन्या ब्रिटिश चित्रपटांच्या डीव्हीडी, ब्लू-रे जमवत गेलो आणि आता त्यांनी एक आख्खं कपाट बळकावलंय. साधारण १९३५ ते १९६५ हा माझा पट्टा. ईलिंग स्टुडिओचे विनोदी चित्रपट, पॉवेल-प्रेसबर्गर या दिग्दर्शक जोडीचे, दिग्दर्शक डेव्हिड लीनचे सुरुवातीचे, आणि नेटवर्क या डिस्क काढणाऱ्या कंपनीच्या 'द ब्रिटिश फिल्म' मालिकेतले तास-सव्वातासाचे, कुणी नावही न ऐकलेले गुन्हेपट. हे शेवटचे तर विकणं शक्यच नाही. कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली, त्यामुळे त्यातलं बरंचसं पुन्हा छापलं जाईल याची शाश्वती नाही.

डिस्क ठरावीक देशांतल्या प्लेअरवरच चालावी म्हणून तिला कुलूप असतं, तेच रीजन: इथल्या ब्लू-रे रीजन बी, भारत रीजन सी मध्ये. डीव्हीडी इथे २, तिकडे ५. इथला प्लेअर उचलून नेला तर चालेल ना? साधाच आहे, त्यात काही छेडछाड केलेली नाही.

दुसरी शंका वेगळीच आहे. 'द थर्ड मॅन'ची (१९४९) माझी डीव्हीडी १०० मिनिटांत संपते. सगळीकडे लांबी १०४ मिनिटं दिलेली दिसते. अमेरिकेत हा चित्रपट कापून दाखवला होता एवढं वाचलंय. माझ्या गळ्यात ती कापलेली प्रत पडली आहे का? डिस्क ब्रिटिश कंपनीचीच आहे.

आणि खरी अडचण आईची. ती हायस्कुलात इंग्रजी शिकवायची, वाचायला काही अडत नाही, पण आता ऐकू कमी येतं. त्यात ते चाळीसच्या दशकातले उच्चार! नेटवर्कच्या बहुतेक डिस्कवर सबटायटल्सच नाहीत. त्यावर काही करता येईल का?

शिवाय चिपळूणचा पाऊस. बुरशीचं काय करता, तेही सांगा. थोड्या व्हीएचएस कॅसेटही आहेत, त्यांचा मोह सोडावा का?

---

किल्लेदार

प्लेअर बिनधास्त न्या. दोन्हीकडे वीज २३० व्होल्टचीच, फक्त पिन बदला. डीव्हीडीसाठी भारतात मल्टी-रीजन प्लेअर सहज मिळतात, बऱ्याच मॉडेलांत रिमोटवरून कोड मारला की कुलूप उघडतं. ब्लू-रेला ही युक्ती सहसा लागू पडत नाही, आत हार्डवेअर बसवावं लागतं. म्हणून तिकडे असतानाच एक सुटा रीजन बी प्लेअर जास्तीचा घेऊन ठेवा. ओप्पोने २०१८ मध्ये ब्लू-रे प्लेअरचं दुकान बंद केलं, सॅमसंगने २०१९ मध्ये अंग काढून घेतलं. लेन्स गेली की दुरुस्त करणारा माणूस चिपळुणात कुठून आणणार?

प्रत्येक डिस्कची मागची बाजू बघा. रीजनच्या खुणेत ए, बी, सी तिन्ही अक्षरं असतील तर ती कुठेही चालेल. इंडिकेटर या ब्रिटिश कंपनीच्या काही डिस्क तशा आहेत. आणि ४के (ब्लू-रेपेक्षा जास्त बारकाव्याच्या) डिस्कना रीजन हा प्रकारच नाही. 'द लेडीकिलर्स' (१९५५) इंग्लंडात २०२० साली ४के मध्ये आला. दोन्ही पर्याय समोर असतील तर डोळे झाकून ४के घ्या, अर्थात प्लेअर ४केचा असेल तर.

लॅपटॉपच्या डीव्हीडी ड्राइव्हवर मात्र उगाच रीजन बदलत बसू नका. पाच वेळा बदलता येतो, मग तो कायमचा तिथेच अडकतो.

---

पाटीवरची पेन्सिल

थर्ड मॅनची काळजी सोडा, तुमची प्रत पूर्ण आहे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटी या वेगाने चित्रित होतो. ब्रिटनची डीव्हीडी 'पाल' या टीव्ही पद्धतीची, ती सेकंदाला २५ दाखवते. चित्रपट जसाच्या तसा, फक्त थोडा वेगात पळतो. १०४ ला २४ ने गुणा, २५ ने भागा: ९९.८४. म्हणजे तुमची १०० मिनिटं. आवाजाची पट्टीही किंचित चढते, पण हार्मोनियमवर एक पट्टी सरकण्याइतकीसुद्धा नाही. ब्लू-रेवर मूळ २४ चाच वेग असल्याने तिथे पूर्ण १०४ मिनिटं मिळतील.

कापलेली अमेरिकन प्रत ९३ मिनिटांची आहे. ओळखायला शेवटपर्यंत बघावं लागत नाही. सुरुवातीचं निवेदन ऐका. ब्रिटिश प्रतीत ते स्वतः दिग्दर्शक कॅरल रीडच्या आवाजात आहे, अमेरिकन प्रतीत जोसेफ कॉटनच्या. मला विचाराल तर रीडचं निवेदन जास्त बेरकी आहे. व्हिएन्नातल्या काळ्या बाजाराशी आपलाही थोडाफार संबंध असल्यासारखा बोलतो.

'काइंड हार्ट्स अँड कोरोनेट्स'चाही (१९४९) शेवट अमेरिकेत बदलला होता. गुन्हेगार सुटला असं सूचित करणंही तिथल्या चित्रपटांच्या आचारसंहितेत बसत नव्हतं, म्हणून काही सेकंद जास्तीचे चिकटवले. मूळ शेवट प्रेक्षकावर सोडलेला आहे आणि त्यातच सगळी गंमत आहे.

---

धागाकर्ता

@पेन्सिल, लावून पाहिलं. रीडच! जीव भांड्यात पडला. @किल्लेदार, दुसरा प्लेअर शोधायला लागतो.

सबटायटल्सचं कुणी सांगेल का?

---

पाटीवरची पेन्सिल

तिथेही तोच २४-२५ चा घोळ आड येतो. नेटवर सबटायटल्सच्या फायली मिळतात, पण त्या बहुतेक २४ च्या वेगाने बनवलेल्या असतात. तुमच्या डीव्हीडीला लावल्या तर सुरुवातीला जुळतील आणि मग मागे पडत जातील. १०० मिनिटांच्या चित्रपटाच्या शेवटी जवळजवळ चार मिनिटांचा फरक. खून कुणी केला हे आईंना पडद्यावर आधी कळेल आणि वाचायला चार मिनिटांनी मिळेल.

उपाय सोपा आहे. 'सबटायटल एडिट' हा फुकट प्रोग्रॅम घ्या, त्यात फ्रेम रेट बदलण्याची सोय आहे. २३.९७६ (म्हणजे आपले ढोबळ २४) वरून २५ करा, फाइल सेव्ह करा. डीव्हीडी लॅपटॉपवर व्हीएलसी या फुकट प्लेअर प्रोग्रॅममध्ये लावा, मुख्य चित्रपट सुरू झाला की फाइल त्यावर ओढून टाका. लॅपटॉपवरून टीव्हीला एचडीएमआय वायर. एकदा जमलं की पाच मिनिटांचं काम.

अनोळखी गुन्हेपटांसाठी मात्र फाइल मिळेलच असं नाही. त्यामुळे नवीन घेताना मागच्या बाजूला 'हार्ड ऑफ हिअरिंग' (कमी ऐकू येणाऱ्यांसाठीची सबटायटल्स) लिहिलंय का बघून घ्या. बीएफआयच्या (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट) डिस्कवर ते बहुतेकदा असतं.

---

जुनापुराणा

सगळं न्यायचा हट्ट कशाला? रंगीत चित्रपटांच्या जुन्या डीव्हीडी चॅरिटी शॉपला परत करा आणि त्यांच्या जागी ब्लू-रे घ्या. 'द रेड शूज'चं (१९४८) उदाहरण देतो. तेव्हाच्या टेक्निकलर कॅमेऱ्यात एकाच वेळी तीन कृष्णधवल निगेटिव्ह फिरायच्या, प्रत्येक रंगासाठी एक. पुढे त्या आकसल्या, बुरशी लागली, तिन्ही एकमेकींवर नीट बसेनात. जुन्या प्रतींत कडांना रंगांची झालर दिसते ती त्यामुळे. २००९ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दाखवलेल्या प्रतीत तिन्ही निगेटिव्ह संगणकावर चौकटीगणिक जुळवल्या आहेत. लाल बूट बघा, फरक सांगावा लागणार नाही. 'ब्लॅक नार्सिसस'चंही (१९४७) तसंच. त्यातला हिमालय बघून आमच्या एका नातेवाइकांनी दार्जिलिंगचं बुकिंग करायचं मनात आणलं होतं. तो सगळा पाइनवूड स्टुडिओत, रंगवलेल्या पडद्यांवर आणि काचेवर उभा केलेला आहे. बाहेरचं चित्रण ससेक्समधल्या एका बागेत.

कृष्णधवल गुन्हेपटांच्या डीव्हीडींना हात लावू नका. त्यांचं दुसरं रूप येईल तेव्हा येईल. नेटवर्कचे 'ईलिंग रॅरिटीज'चे खंड असतील तर ते आधी बॅगेत भरा. चौदा खंड, प्रत्येकात चार चित्रपट. एखादा खंड राहिला असेल तर आत्ताच शोधा.

---

मी_गिरगावकर

थोडं अवांतर. तुमच्या पट्ट्यात कोर्डा बंधूंचा 'द ड्रम' (१९३८) आहे का? सरहद्दीवरच्या पठाणांचं साम्राज्यवादी चित्रण म्हणून मुंबईत त्याविरुद्ध निदर्शनं झाली होती, मद्रासमध्येही. आपला भारतीय नट साबू त्यात आहे. चित्रपट म्हणून काही खास नाही, पण संग्रहात असावा असं मला वाटतं. ईलिंगचं हसू आणि हे, दोन्ही त्याच इंग्लंडातून आलं.

---

वाशिष्ठी

चिपळूणकर आहे म्हणून लिहिते. पहिली गोष्ट, तळमजल्यावर काहीही ठेवू नका. जुलै २०२१ च्या पुरानंतर हे वेगळं सांगायला नको. दुसरी, लाकडी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, पावसाळ्यात ती भिंत पाझरते. कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी मिळतो तसा हवाबंद डबा घ्या, आत सिलिका जेल. पुड्या श्रावणापर्यंत दमतात, तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात (कागदी पुडीतले खडे बाहेर काढून, पुडीसकट नव्हे). डिस्क उभ्या ठेवा. पुसायची तर मधून कडेकडे सरळ, गोल गोल नाही.

व्हीएचएस मात्र सोडा हो. फितीवर पांढरी बुरशी धरली की ती कॅसेट लावताच व्हीसीआरच्या हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटवर पसरते. जो चित्रपट डिस्कवर आलेलाच नाही तेवढीच कॅसेट ठेवा, आणि तीसुद्धा निघण्याआधी तिकडेच डिजिटल करून घ्या.

---

किल्लेदार

@वाशिष्ठी +१. व्हीसीआर नेणारच असाल तर अँटेनाच्या वायरीने जोडू नका. दोन्ही देश पालच, पण आवाजाची कंप्रता ब्रिटनमध्ये वेगळी, त्यामुळे चित्र येईल आणि आवाज येणार नाही. व्हीसीआरच्या मागच्या स्कार्ट सॉकेटमधून लाल-पांढरी-पिवळी वायर काढणारा जोड घ्या. तो तिकडे पौंडा-दोन पौंडाला मिळेल, इकडे शोधत फिराल.

आणि घरच्या टीव्हीचं 'फुल स्क्रीन' आधी बंद करा. १९५३ च्या आधीचे चित्रपट जवळजवळ चौरस आहेत, रुंद नाहीत. ताणले की ईलिंगचा नट अ‍ॅलेक गिनेस जाडा दिसतो.

---

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. कॅसेटींवर पाणी सोडलं. 'ईलिंग रॅरिटीज'चे तीन खंड कमी आहेत, या शनिवारी लंडनला जाणं आहेच, तिकडची दुकानं धुंडाळतो. @गिरगावकर, 'द ड्रम' नाही माझ्याकडे, यादीत टाकला.

एकच राहिलं: डबे टाकून डिस्क फक्त पाकिटांत भरल्या तर वजन बरंच कमी होईल. कव्हरांचे कागद आणि आतल्या पुस्तिका वेगळ्या सपाट ठेवीन. पाकिटं कोणती घेऊ?

---

वाशिष्ठी

पॉलिप्रोपिलीनची. मऊ पीव्हीसीची अजिबात नकोत, उकाड्यात डिस्कला चिकटतात. रिकामे डबे चिपळुणात मिळतील, नाही मिळाले तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझ्याकडे पोतंभर पडलेत.