मदत हवी आहे: स्कॉटलंडमध्ये गाडी नसताना फक्त बसने जाऊन करता येतील असे ट्रेक सुचवा (आई-बाबा सोबत आहेत)

नमस्कार मंडळी,

आम्ही एडिंबराला राहतो, मी, नवरा आणि नऊ वर्षांची लेक. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात माझे आई-बाबा साताऱ्याहून येतायत, पाच आठवडे राहणार आहेत, पहिल्यांदाच येतायत. आमच्याकडे गाडी नाही आणि दोघांपैकी कुणाचंच इथलं लायसन्स अजून झालेलं नाही. किल्ला, म्युझियम, रॉयल माइल हे सगळं दाखवीनच, पण बाबांचं मन त्यात रमणार नाही हे मला आत्ताच माहितीये. वय ६६, एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, आजही रोज पहाटे अजिंक्यतारा चढून येतात. मागच्या आठवड्यात फोनवर मी म्हटलं की बाबा, गाडीशिवाय डोंगरात जायला जमेलसं वाटत नाही, तर म्हणाले, "गावं आहेत ना तिकडं? मग गावाला गाडी जात असणारच." गाडी म्हणजे त्यांच्या तोंडी एसटी.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच घोळतंय. त्यांना खरंच बसने फिरवायचंय, रानातून, गावागावातून, मेंढरांच्या कुरणातून.

आईचं वय ६२. चालायची आवड आहे पण उजवा गुडघा उतारावर त्रास देतो, सपाटीवर पाच-सहा किलोमीटर आरामात चालते, त्यापुढे मात्र तिला बसायला जागा आणि परतीची सोय दिसली पाहिजे नाहीतर ती घाबरते आणि मग सगळ्यांसाठी म्हणून दुखतंय तरी बोलत नाही. मला तेच नकोय.

आता माझी भीती सांगते. जुलैच्या सुरुवातीला मी लेकीला घेऊन बॉर्डर्समधल्या (स्कॉटलंडचा दक्षिण भाग) एका खेड्यात गेले होते, नदीकाठची वाट, फार सुंदर. परतीची बस ४:०५ ची, मी थांब्यावरच्या तक्त्याचा फोटोही काढून ठेवला होता. चारला येऊन उभे राहिलो. सव्वाचार, साडेचार. मग फोटो मोठा करून बघितला तर ४:०५ च्या डोक्यावर बारीक अक्षरात 'एस सी एच' लिहिलेलं, म्हणजे शाळा चालू असेल त्याच दिवशी ती फेरी. शाळांना तर जूनच्या शेवटीच सुट्टी लागलेली. पुढची बस ६:४०. दोन तास पस्तीस मिनिटं आम्ही त्या खांबाखाली बसलो, त्यातला एक तास पावसात, दुकान नाही, चहा नाही, लेक माझ्या जॅकेटच्या आत शिरून झोपली. आई-बाबांवर ही वेळ यायला नकोय.

तर कृपया सांगा:
एडिंबराहून एका दिवसात जाऊन येता येतील असे कुठले रस्ते आहेत जिथे बाबांना चढ मिळेल आणि आईला मध्येच थांबता येईल? ग्लेन्को (ती पश्चिमेकडची डोंगरदरी) बसने एका दिवसात होतं का, का मुक्काम करावा? तिकिटाचं काय, इथल्या ६० वर्षांवरच्या लोकांना बस फुकट असते ते आई-बाबांना लागू होतं का? आई विचारतेय की महाराष्ट्रात बायकांना हाफ तिकीट आहे तसं तिकडे आहे का.

आगाऊ धन्यवाद.

पायवाट:

ताई, बाबांचं वाक्य वाचून फार बरं वाटलं. मी सहा वर्षं एडिंबराच्या उत्तरेला फाइफमध्ये काढली, गाडी कधीच नव्हती, तरी शनिवार घरात घालवला नाही. तुमच्यासाठी माझ्या डोळ्यासमोर एकच नाव येतं, फाइफ कोस्टल पाथ, त्यातला एली ते अ‍ॅन्स्ट्रदर हा तुकडा.

कारण सांगतो. लोक एरवी गाडी लावून डोंगर चढतात आणि परत गाडीपाशीच यावं लागतं. बसवाल्याला ते बंधन नाही, एका गावात उतरायचं आणि दुसऱ्या गावातून बस पकडायची. आणि इथे तर ९५ नंबरची बस लीवनहून सेंट अँड्र्यूजला जाताना किनाऱ्याच्या याच गावांमधून जाते. एली, सेंट मोनान्स, पिटनवीम, अ‍ॅन्स्ट्रदर, क्रेल. तुम्ही खालून समुद्राकाठाने चालत असता आणि वरच्या रस्त्याने बस. एली ते सेंट मोनान्स साधारण साडेचार किलोमीटर, तिथून पिटनवीम अडीच, पुढे अ‍ॅन्स्ट्रदर अजून अडीच. म्हणजे काकूंना सेंट मोनान्सला वाटलं की पुरे, तर त्या वर गावात जाऊन बसमध्ये बसतील आणि अ‍ॅन्स्ट्रदरच्या बंदरावर तुमची वाट बघतील, तिथे बंदरापाशी टॉयलेट आहे, बाकं आहेत आणि फिश अँड चिप्सची दुकानं आहेत. काकांचे पाय अजून शिवशिवत असले तर पुढे क्रेलपर्यंत साडेसहा किलोमीटर आहेत, वाटेत केपली केव्हज म्हणून लाल-पिवळ्या दगडातल्या गुहा लागतात.

जायला: लीवनचं रेल्वे स्टेशन १९६९ साली बंद झालं होतं ते २०२४ च्या जूनमध्ये पुन्हा सुरू झालं, त्यामुळे एडिंबराहून आता थेट ट्रेन आहे आणि ती फोर्थ ब्रिजवरून जाते, बाबांना खिडकी द्या. लीवनला उतरून बस स्टेशनवर चालत जायचं, तिथून ९५.

वाट बहुतेक सपाट आहे, गवताची, कधी शेताच्या कडेने, कधी खडकांच्या अगदी वर. एलीच्या बाहेर लेडीज टॉवरचा पडका मनोरा, मग न्यूआर्क किल्ल्याचे अवशेष. सेंट मोनान्सचं जुनं चर्च पाण्याला इतकं लागून आहे की भरतीला खालची वाट ओली होते, तेव्हा आत वळून जायला पर्यायी वाट आहे, खुणा लावलेल्या आहेत. गावाच्या पुढे एक पवनचक्की दिसेल, तिथे अठराव्या शतकात मीठ करायचे. आपल्याकडे मिठागरात ऊन काम करतं, इथे ऊन कुठलं, समुद्राचं पाणी मोठ्या कढयांमधून कोळशावर आटवायचे आणि पाणी वर चढवायला ती पवनचक्की. गवतात त्या मीठघरांचे खड्डे अजून दिसतात. मी पहिल्यांदा तिथे उभा होतो तेव्हा वारा इतका होता की टोपी हातात धरून चालावं लागलं, आणि खाली खडकावर सील पडलेले.

एक सूचना, एलीच्या पश्चिमेला चेन वॉक आहे, साखळ्या धरून खडकावरून जायचं. फोटो बघून काका म्हणतील जाऊया. आईंना घेऊन अजिबात नको, आणि काकांनीही भरतीची वेळ बघितल्याशिवाय नको.

ग्लासगोकर:

ग्लेन्को एडिंबराहून एका दिवसात करू नका, ओढाताण होईल. आधी ग्लासगो गाठा, ब्युकॅनन बस स्टेशनवरून फोर्ट विल्यम-स्कायकडे जाणारी सिटीलिंक, म्हणजे लांब पल्ल्याची बस, पकडा, सीट आधी बुक करा, ग्लेन्को गावाला पोचायला अडीच-तीन तास धरा. दोन रात्री राहिलात तर सोनं. जाताना लॉख लोमंड हे मोठं तळं उजव्या हाताला येतं म्हणून आधी उजवीकडे बसा, पण रॅनॉखचं माळरान ओलांडून ग्लेन्कोत शिरलात की थ्री सिस्टर्सचे कडे डावीकडे असतात. दोघांनी दोन बाजूंना बसणं हा आमच्या घरचा तोडगा.

आईंसाठी ग्लेन्को लॉकनची वाट सांगतो. गावातून चालत जाता येतं, तळ्याभोवती झाडीतून फिरायचं. लॉर्ड स्ट्रॅथकोना कॅनडात जाऊन नाव-पैसा कमावलेला माणूस, इथे इस्टेट घेतली, बायको कॅनडाची, तिला घरची आठवण यायची म्हणून त्याने तिकडची झाडं आणून तळ्याभोवती लावली. आमच्या आईला हे सांगितलं तेव्हा ती त्या तळ्याकाठी बराच वेळ गप्प बसली होती, आणि मग म्हणाली की तुझ्या घराच्या मागे मी कढीपत्ता लावला असता, पण इथे जगणार नाही.

चढासाठी मात्र लोमंडकाठच्या बाल्महाचं कॉनिक हिल. ३६१ मीटर, म्हणजे अजिंक्यतारा रोज चढणाऱ्याला काहीच नाही, शेवटचा भाग उभा आहे. ग्लासगोहून ट्रेनने बॅलॉख, तिथून ३०९ नंबरची बस बाल्महाला सोडते. हायलँड आणि लोलँड जिथे एकमेकांना भिडतात ती भूगर्भातली भेग नेमकी या टेकडीखालून जाते, वरून बघितलं की लोमंडमधली बेटं त्याच रेषेत ओळीने मांडल्यासारखी दिसतात. काका वर जाऊन येईपर्यंत काकू खाली तळ्याकाठी बसू शकतात.

फुकट पासचं: ते कार्ड स्कॉटलंडच्या रहिवाशांसाठी आहे, पाहुण्यांना मिळत नाही. बायकांना वेगळी सवलत नाही. पण लेकीचं कार्ड काढलंय का? २२ वर्षांखालच्या रहिवासी मुलांना जानेवारी २०२२ पासून बस फुकट आहे, सिटीलिंकलाही चालतं.

घाटमाथा:

ताई, सुरुवात घराजवळून करा, पहिल्याच आठवड्यात लांब नेऊ नका. पेंटलंड हिल्सला शहराचीच बस जाते. ४४ ने बलर्नोला उतरा, तिथून थ्रीपम्युरच्या जलाशयापर्यंत सोपी वाट. किंवा ए ७०२ रस्त्याने बिगरकडे जाणाऱ्या बसने फ्लॉटरस्टोनला. तिथे ग्लेनकॉर्स जलाशयाच्या कडेने डांबरी रस्ता आहे, आईंना आणि लेकीला तो, आणि बाबांना टर्नहाउस हिल, ५०६ मीटर, पुढे कार्नेथी आणि मग स्काल्ड लॉ, ५७९, पेंटलंडमधला सगळ्यात उंच. ऑगस्टअखेर हेदर फुललेलं असतं, डोंगर जांभळे दिसतात, बाबांना कासच्या पठाराची आठवण येईल बघा. शहरातल्या लोथियन बसला कॅश देणार असाल तर सुटे नेमके ठेवा, उरलेले परत देत नाहीत, कार्ड टॅप केलेलं बरं.

आता काळजीच्या गोष्टी. गोचीड असतात, नेच्याच्या झाडीत आणि उंच गवतात जास्त, घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेशी बघायचं, चिमट्याने सरळ ओढून काढायची, आणि पुढच्या काही आठवड्यांत तिथे गोल लाल चट्टा पसरायला लागला तर डॉक्टरकडे जायचंच. मिजेस म्हणजे इथली बारीक चिलटं वारा पडला की येतात, पश्चिमेकडे जास्त, ग्लेन्कोला जाताना डोक्यावरची जाळी न्या. २००३ च्या कायद्याने इथे शेतातून, रानातून जबाबदारीने चालायचा हक्क सगळ्यांना आहे, पण फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं, उघडं तर उघडं, लावलेलं तर लावलेलं. वासरू असलेल्या गाईच्या जवळून जायचं नाही.

आणि बसचं. मी उलटा हिशोब करतो. आधी शेवटची गाडी बघायची, मग तिच्या आधीची, आणि आपण धरायची ती आधीचीच. शेवटची राखीव. ट्रॅव्हललाइन स्कॉटलंड या वेळापत्रकाच्या साइटवर नेमकी तारीख टाकून बघायचं, नुसतं 'शनिवार' नाही, कारण सप्टेंबरच्या मध्यात गावोगावी शाळांना एखादा सोमवार सुट्टी असतो आणि तुमचं ते 'एस सी एच' परत आडवं येईल. रविवारी तर काही गावांना फेरीच नसते. खेड्यात समोरच्या बाजूला खांब नसतो कधीकधी, तरी परतीसाठी तिकडेच उभं राहायचं आणि बस दिसली की हात करायचा, नाही केला तर निघून जाते.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नीट कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. घाटमाथा, हात करायचं वाचून मी बाबांना लगेच फोन केला. ते म्हणाले, "म्हणजे विनंती थांबा. हात दाखवा, गाडी थांबवा." आवाजातच कळलं की ते खूश झालेत.

ठरलंय असं: पहिल्या आठवड्यात फ्लॉटरस्टोन, दुसऱ्या शनिवारी एली ते अ‍ॅन्स्ट्रदर, सप्टेंबरमध्ये ग्लेन्कोला दोन रात्री. कॉनिक हिलला बाबा आणि नवरा दोघंच जातील. लेकीच्या कार्डाचा फॉर्म काल भरला.

पायवाट, एक विचारायचं राहिलं, सेंट मोनान्सला बंदरावरून वर बसच्या रस्त्यापर्यंत चढ किती आहे? आईला तेवढंच चढायचंय.

पायवाट:

चढ आहे, पण छोटा, घरांमधल्या गल्लीतून वर जायचं. सावकाश दहा मिनिटं धरा, आणि उतार नाही, चढच आहे, त्यामुळे गुडघ्याला त्रास कमी. काकूंबरोबर लेकीला पाठवा.

धागाकर्ती:

हे फार छान सुचवलंत, दोघींना आवडेल. बाबांना ९५ चं टाइमटेबल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं. तासाभराने त्यांनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला, निळ्या पेनने सगळ्या फेऱ्या उतरवून काढल्यात, सेंट मोनान्सच्या वेळांखाली रेघ, आणि बाजूला लिहिलंय, 'हिला इथे बसवणे'. खाली मेसेज: "हा शनिवारचा तक्ता झाला. पावसाने दिवस बदलला तर? रविवारचा पण पाठव."

तोच शोधतेय आता.