वीस कोटी सदस्य म्हणे! खेळतंय कोण?

अडीचघर

चेस डॉट कॉमने एप्रिल २०२५ मध्ये २० कोटी सदस्यांचा टप्पा ओलांडल्याचं जाहीर केलं. डिसेंबर २०२२ मध्ये हाच आकडा १० कोटी होता. म्हणजे पहिले दहा कोटी जमायला पंधरा वर्षं (साइट २००७ साली सुरू झाली) आणि पुढचे दहा कोटी अडीच वर्षांच्या आत. आमच्या बुद्धिबळवाल्या व्हॉट्सॅप ग्रुपवर तेव्हा जल्लोष झाला होता आणि अजूनही कुठे वाद निघाला की कोणीतरी हा आकडा तोंडावर फेकतंच: "बघा, बुद्धिबळ क्रिकेटला गाठणार!"

मला यात जल्लोष करण्यासारखं काही दिसत नाही. नोंदणी झालेल्या खात्यांची बेरीज वरच जाणार. कोणी खेळणं सोडलं, पासवर्ड विसरला, लॉकडाऊनमध्ये उघडलेलं खातं तसंच पडून राहिलं, तरी ती खाली येत नाही. जो आकडा खाली येऊच शकत नाही, तो वर गेला यात बातमी कसली? गावातल्या वाचनालयाच्या आजीव सभासदांची यादी पाहा. निम्म्या नावांपुढे कै. लागलेलं असतं, पण वार्षिक अहवालात सभासदसंख्या दरवर्षी "उत्साहवर्धक".

याउलट लिचेस ही बुद्धिबळाची दुसरी साइट बघा. फुकट, जाहिराती नाहीत, देणग्यांवर चालतं. त्यांनी जानेवारी २०१३ पासूनचे सगळे रेटेड (म्हणजे ज्यांवर खेळाडूचं गुणांकन, रेटिंग, बदलतं ते) डाव महिन्यावार फाइल करून कोणालाही उतरवून घेता येतील असे ठेवलेत. पहिल्या महिन्याच्या फाइलमध्ये सुमारे १ लाख २१ हजार डाव होते, आता एका महिन्यात नऊ कोटींच्या आसपास असतात. हा आकडा एखाद्या महिन्यात पडला तर सगळ्या जगाला दिसतो. अशाच आकड्यावर माझा विश्वास बसतो.

कोणत्याही ऑनलाइन खेळाची लोकप्रियता सांगताना एकूण नोंदणीचा आकडा सरळ बाद करावा, असं माझं मत आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

डेटावाला_बाणेर

असहमत, आणि जोरदार. मी मोबाइल गेमच्या कंपनीत हेच आकडे बघण्याचं काम करतो.

तुमचं वाचनालयाचं उदाहरणच घेऊ. त्या आजीव सभासदांच्या वर्गणीतूनच इमारत उभी राहिली ना? नोंदणीचा आकडा सांगतो की खेळाची ओळख किती जणांपर्यंत पोचली. ज्याने एकदा खातं काढलं त्याला घोडा कसा चालतो ते माहीत आहे. तो पाच वर्षांनी मुलाला शिकवेल, किंवा एखादी मोठी स्पर्धा आली की परत येईल. आमच्याकडे परत आलेल्या माणसाला वेगळा रकाना असतो, कारण नवा माणूस आणण्यापेक्षा जुना परत आणणं स्वस्त पडतं. ते "मेलेलं" खातं कंपनीसाठी मेलेलं नसतं.

दुसरं म्हणजे तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलीत. याच चेस डॉट कॉमने जानेवारी २०२३ मध्ये एकाच दिवसात १ कोटी सक्रिय सदस्य आल्याचं सांगितलं होतं. तेव्हा एकूण नोंदणी १० कोटींच्या थोडी वर होती. म्हणजे एकाच दिवशी दहातला जवळपास एक जण हजर! आमच्या धंद्यात हे प्रमाण बघून लोक पेढे वाटतील.

अडीचघर

@डेटावाला_बाणेर, त्याच महिन्यात काय झालं तेही सांगा की. त्यांचे सर्व्हर कोलमडत होते, डाव मध्येच तुटत होते आणि कंपनीला जाहीर लिहावं लागलं होतं की गर्दी झेपत नाहीये. सर्व्हर दहा कोटी नावांनी झोपला नाही, एका वेळी खेळायला बसलेल्यांनी झोपवला. यंत्राला जो आकडा कळतो तोच मला हवा आहे. तुम्हीसुद्धा वाद घालताना दिवसाच्या सक्रिय सदस्यांचाच आकडा काढलात, नोंदणीचा नाही. यातच काय ते आलं.

जुना_ऑर्क

धागा बुद्धिबळाचा असला तरी हा तमाशा आम्ही वॉरक्राफ्टवाल्यांनी आधी पाहिलाय.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट २००४ साली आलं. महिन्याचे पैसे भरून खेळायचा गेम, त्यामुळे मोजणीचा प्रश्नच नाही असं सगळ्यांना वाटायचं. ऑक्टोबर २०१० मध्ये १ कोटी २० लाख वर्गणीदार, तो शिखराचा काळ. मग घसरण. जानेवारी २०१४ मध्ये गेमची कंपनी ब्लिझर्डने एक रंगीत तक्ता काढला: आजवर १० कोटी खाती उघडली गेली! आणि २०१३ अखेर प्रत्यक्ष वर्गणीदार होते सुमारे ७८ लाख. इथवर मी अडीचघर यांच्या बाजूने.

पण पुढचं ऐका. नोव्हेंबर २०१४ मध्ये नवा विस्तार (गेमचा वाढीव भाग) आला आणि आकडा १ कोटीच्या वर गेला. मार्च २०१५ अखेर ७१ लाख. त्याच वर्षी ५५ लाखांवर आल्यावर कंपनीने वर्गणीदारांचा आकडा देणंच बंद केलं. तुम्हाला हवा तसाच, खाली येणारा आकडा होता तो. त्याचा परिणाम काय झाला? दर तीन महिन्यांनी आकडा आला की "गेम मेला" म्हणून रडारड. गिल्डमधली (एकत्र खेळणाऱ्यांच्या गटातली) माणसं बातमी वाचून सोडून जायची, खेळ आवडत नाही म्हणून नव्हे. आज इतक्या वर्षांनी गेम चालू आहे, नवे विस्तार येतायत. दहा वर्षांपूर्वी त्याचं तेरावं घालणारे कुठेत?

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), "वर्गणीदार" हीसुद्धा सरळ गोष्ट नव्हती. आशियातल्या सायबर कॅफेत तासावर पैसे देऊन खेळणाऱ्यांपैकी गेल्या तीस दिवसांत जो आला, तो वर्गणीदार धरला जायचा. तळटीप वाचल्याशिवाय कोणताही आकडा छातीला लावू नये.

उगाचविचारतो

म्हणजे नोंदणीचा आकडा खोटी आशा दाखवतो आणि सक्रियतेचा आकडा खोटी तिरडी बांधतो. मग मोजायचं काय, हातपाय?

अडीचघर

@जुना_ऑर्क, माहिती उत्तम, निष्कर्ष अमान्य. आकडा पडला म्हणून लोक घाबरले हा लोकांचा दोष. आणि कंपनीने तो द्यायचं कधी बंद केलं? वर जात असताना नाही, पडू लागल्यावर. लपवण्याजोगा होता म्हणजे त्यात काहीतरी खरं होतं. सोनीच्या कॉन्कॉर्ड या गेमचं पाहा. २३ ऑगस्ट २०२४ ला बाजारात आला, स्टीमवर (संगणकावरचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान) एका वेळी खेळणाऱ्यांचा उच्चांक ६९७. सहाशे सत्त्याण्णव! ६ सप्टेंबरला बंद. जाहिरातींतून कोणाला कळलं नाही ते त्या तीन आकडी संख्येने दोन दिवसांत सांगितलं.

डेटावाला_बाणेर

कॉन्कॉर्ड प्लेस्टेशनवरही होता, स्टीमच्या आकड्यात ते खेळाडू येत नाहीत. निकाल तोच लागला असता हे कबूल. पण "स्टीमवर इतकेच दिसतात म्हणजे इतकेच खेळतात" हा जो शॉर्टकट आहे ना, त्याने कितीतरी चांगल्या गेमांना उगाच बदनाम केलंय. पॅलवर्ल्ड जानेवारी २०२४ मध्ये आला, स्टीमवर एका वेळी २१ लाखांच्या वर माणसं. पंधरवड्यात मोठी घसरण आणि लगेच मथळे. अरे, एकट्याने किंवा चार मित्रांनी संपवायचा खेळ आहे, संपवून लोक उठले! त्यात त्या बिचाऱ्या गेमचा काय गुन्हा?

प्यादंताई

मी इथे सहसा लिहीत नाही, पण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

लिचेसवर माझं बरंच जुनं खातं आहे. मी रेटेड डाव खेळत नाही. खेळले की रात्री झोप लागत नाही, हरलेला डाव डोक्यात फिरत राहतो. मी कोडी सोडवते आणि सामने बघते. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्या विजयानेच ती ग्रँडमास्टर झाली, तेव्हा मी ऑफिसात हेडफोन लावून पूर्ण सामना पाहिला. शेजारच्या टेबलावरच्या दोघींना नियम समजावत.

अडीचघर, तुमच्या नऊ कोटी डावांच्या फाइलमध्ये मी नाहीच. एकही डाव माझ्या नावावर नाही. तुमच्या हिशेबाने मी कै. लागलेल्यांत. खरं सांगायचं तर नोंदणीच्या त्या बावळट आकड्यातच तेवढी मी सापडते!

डेटावाला_बाणेर

ताई, बाडीस (बाय डिफॉल्ट सहमत). गप्प राहणारेच बहुसंख्य असतात. २००६ साली वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी ऑनलाइन समूहांबद्दल ढोबळ नियम मांडला होता: शंभरातले नव्वद नुसते बघतात, नऊ अधूनमधून काही करतात आणि एक जण बहुतेक सगळं करतो. प्रमाण जागेनुसार बदलतं, पण चित्र साधारण असंच. डाव मोजले की त्या एका टक्क्याचीच मोजणी होते.

कॅसलिंगकाका

मी मुलांना शिकवतो, त्यामुळे पटाच्या बाजूने चार गोष्टी.

पहिली, खाती म्हणजे माणसं नव्हेत. लिचेसवर नवीन खातं १५०० रेटिंगवर सुरू होतं. पोराचं रेटिंग १२०० च्या खाली घसरलं की दुसऱ्या दिवशी नवीन नावाने पोरगं हजर. आईबाबांना सांगतं, "माझं पंधराशे आहे." माझ्या वर्गात एकेकाची तीन तीन खाती आहेत आणि वर्गातली संख्या तेवढीच! शिवाय लबाडीसाठी बंद केलेली खाती. चेस डॉट कॉम दर महिन्याला अशी हजारो खाती बंद करतं.

दुसरी, डाव म्हणजेही खेळणं नव्हे, आणि हे अडीचघर यांना सांगतोय. एक मिनिटाचा बुलेट डाव फार तर दोन मिनिटांत संपतो. दहा मिनिटांचा रॅपिड वीस मिनिटं चालू शकतो. एका रॅपिडच्या वेळात दहा बुलेट. आकड्यात बुलेटवाला दहापट "सक्रिय". प्रत्यक्षात तो बोटांचा व्यायाम करतोय, वजीर फुकट घालवतोय आणि "रीमॅच" दाबतोय. मला विचाराल तर ज्या महिन्यात डावांची संख्या वाढली त्या महिन्यात मुलांचं बुद्धिबळ बिघडलं असं समजावं.

आणि २०२३ च्या त्या जानेवारीत काय चाललं होतं? मिटन्स! मांजरीचं चित्र लावलेला चेस डॉट कॉमवरचा तो बॉट. माझे निम्मे विद्यार्थी त्या मांजरीकडून मार खात होते. माणूस विरुद्ध प्रोग्रॅम. त्या एक कोटीत असे किती असतील? त्याला समुदाय म्हणायचं का, हे तुम्ही लोक ठरवा.

उगाचविचारतो

काका, मांजरीलाही सदस्य धरा. एक वाढला.

अडीचघर

काकांचा बुलेटचा मुद्दा बिनतोड आहे, पण तो माझ्याच पथ्यावर पडतो. लिचेसच्या फाइलमध्ये प्रत्येक डावाच्या वर वेळेचा प्रकार लिहिलेला असतो. बुलेट वेगळा काढा, रॅपिड वेगळा. डाव सोडा, वेगवेगळी खेळाडूनावं मोजा. २० कोटींच्या आकड्याची अशी चिरफाड करून दाखवा! उघड्या माहितीवर तुम्ही सगळे तुटून पडू शकता, कारण ती उघडी आहे.

प्यादंताई, तुम्ही मोजल्या जायलाच हव्यात, पण त्यासाठी कोडी सोडवणाऱ्यांचा आणि सामने पाहणाऱ्यांचा वेगळा आकडा मागा. तुमच्याबरोबर लाखो सोडून गेलेले आत घेणाऱ्या आकड्यात तुमचा मान कसला?

मला खरं तर एकच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: अमुक महिन्यात पहिल्यांदा आलेल्यांपैकी वर्षाने किती जण दिसतात? बाकी सगळं सजावट.

डेटावाला_बाणेर

आता आलात माझ्या गल्लीत. याला आम्ही रिटेन्शन म्हणतो. डी-१, डी-७, डी-३०, म्हणजे एक, सात, तीस दिवसांनी किती जण परत आले. रोज सकाळी साहेबांना हाच तक्ता जातो. आणि म्हणूनच सांगतो, हा आकडा देवघरात बसवू नका.

नोंदणीचा आकडा वाढवायला कंपनी जाहिरात करते. त्रास कोणाला? फारसा कोणाला नाही. परत येण्याचा आकडा वाढवायला काय करते? रोज आलात तर बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटली, रात्री अकराला नोटिफिकेशन, "तुमचा मित्र तुमच्या पुढे गेला". मी हे बनवणाऱ्यांच्या शेजारी बसतो. काकांचे विद्यार्थी रात्री "अजून एकच" म्हणत बुलेट खेळतात, ते आमच्या तक्त्यात सर्वोत्तम ग्राहक. लॉकडाऊनमध्ये शिकून, मजा करून, नंतर बारावीच्या अभ्यासाला लागलेला मुलगा मात्र आमच्या तक्त्यात गळती. आजीव सभासदांचा अहवाल बावळट असेल, पण त्याने कोणाची झोप नाही उडवली.

प्यादंताई

हे पटलं. सोडून जाणं म्हणजे दर वेळी अपयश नसतं.

जुना_ऑर्क

वॉरक्राफ्टमध्ये रोज उरकायची कामं आली तेव्हा आम्ही हेच म्हणत होतो. खेळ की हजेरीपट? २०१५ नंतर कंपनी महिन्याच्या सक्रिय वापरकर्त्यांचे आकडे द्यायला लागली, तेही एका गेमचे नाही, सगळ्यांची एकत्र मोट बांधून. मापच बदललं, की कोणाला काही ताडून बघता येऊ नये.

अडीचघर

@डेटावाला_बाणेर, आकड्याचा गैरवापर होतो म्हणून आकडा वाईट, हे मला मान्य नाही. लिचेसला तुमच्या साहेबांसारखा तक्ता कोणाला पाठवायचा नाही, म्हणून तिथलंच मोजू या. मी नोव्हेंबर २०२० मध्ये पहिल्यांदा दिसलेली नावं घेतो आणि नोव्हेंबर २०२१ च्या फाइलमध्ये शोधतो.

डेटावाला_बाणेर

नेमका वाईट महिना निवडलात. ऑक्टोबर २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर बुद्धिबळाची ती मालिका आली, वर लॉकडाऊन. वाऱ्यावर आलेली गर्दी ती, अर्थातच गळणार, आणि तुम्ही म्हणणार, बघा, म्हटलं नव्हतं? कंटाळवाणा महिना घ्या. २०१८ चा एखादा.

कॅसलिंगकाका

आणि मे नको. सुट्टीत पोरं सुटलेली असतात, जूनमध्ये शाळा लागली की गायब.

उगाचविचारतो

कोणताही घ्या, पण आधी हार्डडिस्क घ्या. अलीकडच्या एका महिन्याची दाबलेली फाइलच ३० जीबीच्या घरात आहे, उघडली की सातपट. २०१८ ची त्यामानाने लहान असेल. आणि पहिल्यांदा दिसलेली नावं हवीत म्हणजे त्याआधीच्या सगळ्या महिन्यांच्या फाइलीही उतरवाव्या लागतील, हे लक्षात आलंय ना कोणाच्या?